भूत निघालं नाही म्हणून

‘फसवलं गं बाई आपल्याला!’ ‘रात्रीस खेळ चाले’चा शेवटचा भाग संपल्यावर समोरच्या काकूंचं हे पहिलं वाक्य. ऑक्टोबर २०१६, दिवाळी तोंडावर आलेली. आमच्या बैठकीत आम्ही सहा-सातजणी होतो. मंदिरात रोज भेटणाऱ्या, सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकणाऱ्या. आमच्या हिशेबानं साडेदहा म्हणजे मध्यरात्रच, तरी फेब्रुवारीपासून आठ महिने आम्ही त्या नाईकांच्या वाड्यासाठी जागलो होतो. कुठे सावंतवाडीकडचं आकेरी आणि कुठे आमचं आदिलाबाद! मधे सगळा महाराष्ट्र. पहिले पंधरा दिवस मालवणी कळायचीही नाही. पण नंतर मुलं पांडूसारखी विसरल्याचं सोंग करायला लागली, आणि अण्णांच्या मरणानं गावी गोळा झालेलं ते कुटुंब आमच्याच घरातलं झालं.

फसवणूक कसली, तर भूत निघालं नाही. इतके महिने जे चाललं होतं, त्याच्यामागे माणसाचाच हात होता. ‘मग ते सगळं काय होतं?’ एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, ‘याच्यापेक्षा भूत बरं होतं.’ नाराजी फक्त आमच्या बैठकीतच होती असं नाही. पंढरकवड्याच्या आत्यांचाही त्याच रात्री फोन आला, आणि त्याही हेच बोलल्या.

यावर शहाण्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं : बायका अंधश्रद्धाळू, त्यांना भूतच हवं. मला ते पटत नाही. काकूंच्या रागात एक खरी टीका होती. मालिकेनं आठ महिने आम्हाला भीतीच शिकवली. अंधार, विहीर, झाड, कुणाची तरी सावली, आणि बरोबर त्या क्षणाला जाहिरात. रोज थोडी थोडी भीती अंगात मुरवली आणि शेवटी एका दमात सांगितलं, की हे सगळं माणसाचं होतं. असं कसं निघेल ते? लोणचं वर्षभर मुरवायचं आणि मग धुऊन कैरी परत द्यायची! उलगडा हाही गोष्टीत पहिल्यापासून पेरावा लागतो. शेवटच्या चार दिवसांत पेरलेलं उगवत नाही. सुरुवातीला कोकणातल्या लोकांनी तक्रार केली होती, की आमच्या भागाला ही मालिका भुताखेतांचा मुलूख करून टाकते. शेवट माणसावर आणून ती तक्रार फिटत नाही. आजही मालिकेचं नाव काढलं की लोकांना वाडा आठवतो, अंधार आठवतो. खुनामागचं कारण विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही.

पण आमच्या आणखी एक वहिनी होत्या, स्वाध्यायाला नियमित बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘आपल्या शास्त्रात व्यंतर आहेतच की. मग भूत दाखवलं तर काय चुकलं?’ प्रश्न चांगला आहे, टाळण्यासारखा नाही. व्यंतर देवांचे आठ प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांत भूत आहे, पिशाच आहे, राक्षसही आहे. पण त्याच शास्त्रात माझ्या दुःखाचा हिशेब माझ्या कर्माशी लावलेला आहे, शेजारणीच्या नजरेशी नाही. समंतभद्रांनी लोकमूढता सांगितली, देवमूढता सांगितली, आणि सम्यक्त्वाच्या आठ अंगांत अमूढदृष्टी हे एक अंग ठेवलं. व्यंतर आहेत असं मानणं वेगळं आणि घरात पोर आजारी पडलं की कुणी काय केलं असेल म्हणून बोट शोधणं वेगळं. मी वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे.’ आणि निघताना अंगणातला अंधार बघून माझ्या मुलाला म्हणाल्या, ‘जरा फाटकापर्यंत ये रे.’ हसू नका. त्या रात्री मीसुद्धा मागचं दार दोनदा तपासलं होतं.

आमच्या या जिल्ह्यात भीतीला नावं पुष्कळ. त्याच महिन्यात, दसऱ्याला, आदिलाबादचे चार जिल्हे झाले. नकाशा बदलला, ही नावं तीच राहिली. मराठीत करणी, भानामती. तेलुगूत चेतबडी, बाणामती. बाजारात उभं राहिलं तर एकाच वाक्यात दोन्ही ऐकू येतात. आणि हे शब्द बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या नावाला चिकटून येतात.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईची जाऊ. गावात एक पोर तापानं गेलं, आणि जावेचं नाव निघालं. नवरा नव्हता, दोन एकर वावर होतं. एका रात्रीत ती पैनगंगेपलीकडे माहेरी गेली. हे मला ठाऊक होतं. तरी मालिका ऐन रंगात असताना मी या बाईला विचारलं होतं, ‘पण खरंच तिला काही येतं का गं?’ गंमत म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं मला. ती काही बोलली नाही. फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि गेली. आठ महिन्यांत त्या मालिकेनं माझ्यावर काय केलं, याचा एवढा एकच पुरावा माझ्याकडे आहे आणि तो मला लपवायचा नाही.

शेवटच्या भागाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला गोष्ट सांगितली, की बघ, भूत नव्हतंच, माणूस निघाला. तिला काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, ‘मानूसच राहते ना ताई. भुताले वावर कायले पाहिजे?’

मालिकेवर मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ ऐकलं. याच्याएवढं नेमकं कुणी बोललेलं नाही. नाईकांच्या घरातही शेवटी वाडा आणि वाटणीचा प्रश्न होताच, आम्ही सावल्या बघत बसलो.

२०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, अण्णांच्या तरुणपणाचं. आता माणसाचं पाप उघड समोर होतं. दारू, बाई, खून, बायकोचा छळ. वाटलं, आता तरी आमच्या बैठकीत अण्णांचा उद्धार होईल. कसलं काय! माधव अभ्यंकरांनी काम असं केलं, की अण्णा सगळ्यांचे लाडके झाले. त्यांची मिशी, त्यांचा दरारा. माईंबद्दल सगळ्यांचा जीव तुटायचा, आणि सगळ्या शिव्या शेवंतेला. ‘हिनंच घर बुडवलं.’ मी एकदा म्हटलं, अण्णा काय पाळण्यात होते का? तर काकू म्हणाल्या, ‘तू गप बस, बघू दे.’

२०२१ मध्ये तिसरं पर्व सुरू झालं, त्यात अण्णा आणि शेवंता भूत होऊनच आले. तोंडाला मास्क बांधून काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आता कसं! आधीच दाखवलं असतं तर एवढी वर्षं जीव लागला नसता.’ मी त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. भांड्याची बाई त्या वर्षी टाळेबंदीमुळे बंद होती. तिच्या जावेचं वावर, ऐकलं ते असं की, दीर कसतो.