गोलंदाजाची पत्रे : लाक्लोचे लष्करी चरित्र आणि 'धोकादायक संबंध'

पिएर शोदेर्लो द लाक्लो (१७४१-१८०३) याच्या नावावर एकच कादंबरी आहे, आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा तो फ्रेंच तोफखान्यात कॅप्टन होता. १७८२ साली पॅरिसमध्ये चार भागांत निघालेल्या 'ले लियेझाँ दांजरझ' अर्थात 'धोकादायक संबंध' या १७५ पत्रांच्या कादंबरीवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक समीक्षक ही गोष्ट नोंदवतो. मात्र नोंद झाली की तिचा उपयोग ठरलेलाच असतो : लेखक सैनिक, म्हणून स्त्री हा किल्ला, अनुनय हा वेढा आणि तिचे वश होणे ही शरणागती. वस्तुतः हे रूपक ओव्हिडइतके जुने आहे. सैन्यात एक दिवसही न काढलेल्या कवीला ते सुचते आणि सुचत आलेले आहे. त्यासाठी तोफखान्यातील वीस-बावीस वर्षांची गरज नव्हती. त्या वर्षांनी या कादंबरीला जे दिले ते रूपकांत न शोधता तिच्या रचनेत शोधले पाहिजे.

लाक्लोच्या नोकरीचा आलेख विलक्षण निरस आहे. आमियाँ येथील, नुकत्याच सरदारपद लाभलेल्या घराण्यातील हा मुलगा १७६० च्या सुमारास ला फेर येथील तोफखाना-विद्यालयात दाखल झाला. तोफखाना हे त्या काळच्या सैन्यातील 'शिकलेले' अंग होते. तेथे वंशावळीइतकेच गणितालाही महत्त्व होते, आणि बढती बहुतांशी सेवाज्येष्ठतेने मिळे. वसाहतींच्या मोहिमांसाठी उभारलेल्या तुकडीत तो ला रोशेलला गेला, आणि १७६३ च्या तहाने सप्तवार्षिक युद्धच संपले. पुढे तूल, स्त्रासबूर, ग्रनोबल, बझांसों अशा छावण्या. १७७१ मध्ये तो कॅप्टन झाला आणि १७८८ मध्ये सैन्य सोडले तेव्हाही कॅप्टनच होता. या साऱ्या काळात त्याने शत्रूवर तोफ डागल्याची नोंद नाही. फ्रान्स १७७८ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला, पण लाक्लोची रवानगी झाली ती ला रोशेलजवळच्या एक्स नावाच्या लहानशा बेटावर. इंग्रजांचा हल्ला होईल म्हणून मोंतालांबेर तेथे लाकडी किल्ला बांधत होता, त्याच्या मदतीला. हल्ला झाला नाही. कादंबरी या सुमारास सिद्ध होत होती.

चरित्रकारांचा एक वर्ग ग्रनोबलमधील सहा वर्षांवर लुब्ध आहे, कारण कादंबरीतील पात्रांची 'मुळे' तेथील उमराव समाजात सापडतील अशी त्यांना आशा वाटते. ग्रनोबलमध्येच वाढलेल्या स्तांदालने तर लहानपणी आपल्याला अक्रोड देणाऱ्या एका वृद्ध स्त्रीकडे मेर्तयचे मूळ म्हणून बोट दाखवले. ही माहिती मनोरंजक आहे, आणि तेवढीच. चरित्रातून पात्रे शोधण्यापेक्षा कामाची सवय शोधणे अधिक फलदायी ठरावे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जोन डिजीन यांनी 'लिटररी फॉर्टिफिकेशन्स' (१९८४) या ग्रंथात रूसो, लाक्लो आणि साद यांच्या लेखनाचा तटबंदीच्या कल्पनेशी संबंध जोडला. हे विवेचन महत्त्वाचे आहे. तथापि त्याच्या प्रभावाखाली लाक्लोला किल्ले बांधणाऱ्यांच्या पंक्तीत बसवण्याची प्रवृत्ती बळावली. अभियंत्यांचे दल आणि तोफखाना ही फ्रेंच सैन्यातील दोन वेगळी दले होती आणि त्यांच्यात चुरस होती. अभियंत्याचे विद्यालय मेझिएरला, आणि त्याचे दैवत वोबाँ. लाक्लो दुसऱ्या बाजूचा. १७८६ मध्ये फ्रेंच अकादमीने वोबाँची प्रशस्ती हा वक्तृत्वाच्या पारितोषिकाचा विषय ठेवला, तेव्हा लाक्लोने अकादमीला उद्देशून एक जाहीर पत्र छापले. वोबाँ किल्ले घेण्यात थोर होता, पण त्याने बांधलेल्या किल्ल्यांवरील अफाट खर्चातून अभेद्यता विकत मिळाली नाही, असा त्यातील आक्षेपाचा रोख होता. सैन्यातील वरिष्ठ संतापले आणि पॅरिसच्या आसपास वावरणाऱ्या या कॅप्टनला पलटणीत परत जावे लागले. कादंबरीने वादळ उठवूनही त्याच्या नोकरीला फारसा धक्का लागला नव्हता. वोबाँवरील पुस्तिकेने तो लागला. किल्ला हा आत राहण्याचा आसरा नसून बाहेरून मोजण्याचे लक्ष्य आहे, ही गोलंदाजाची दृष्टी त्या पुस्तिकेत आहे. (हा जुना मराठी शब्द आज क्रिकेटने ताब्यात घेतला असला तरी मूळ अर्थाने येथे तोच अचूक आहे.)

आता कादंबरी. १२५ व्या पत्रात वाल्मों हा उमराव, तुर्व्हेल या धर्मनिष्ठ विवाहितेला वश केल्याचा वृत्तान्त मेर्तयला कळवतो आणि स्वतःच्या डावपेचांची तुलना त्युरेन आणि फ्रेडरिक यांच्याशी करतो. लष्करी भाषेचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून हे पत्र दाखवले जाते. पण ही भाषा लाक्लोची नसून वाल्मोंची आहे, आणि लेखक तिच्याकडे कॅप्टनच्या नजरेने पाहतो आहे : सरदारकीच्या जोरावर स्वतःला सेनापती समजणाऱ्याच्या बढाईकडे. कादंबरीत खरा मारा करणारी मेर्तय असे चित्र क्वचितच रेखाटते. १४१ व्या पत्रात ती 'एका मित्राची गोष्ट' म्हणून संबंध तोडणाऱ्या पत्राचा नमुना पाठवते. वाल्मों तो जसाच्या तसा उतरवून तुर्व्हेलकडे रवाना करतो. तुर्व्हेल कोसळते ती पुन्हा उठत नाही. आणि १४५ व्या पत्रात मेर्तय त्याला ऐकवते की हा विजय त्या स्त्रीवर मिळवलेला नसून त्याच्यावर मिळवलेला आहे. तिने त्या स्त्रीसमोर उभे राहण्याचीही तसदी घेतलेली नाही.

मैदानी तोफेच्या गोलंदाजाला त्या काळी लक्ष्य दिसत असे, हा आक्षेप येथे रास्त आहे. परंतु वेढ्यातील उखळी तोफेचे तसे नव्हते. तिचा बॉम्ब तटावरून पलीकडे पडे. आत काय झाले हे चालवणाऱ्याला दिसत नसे. उड्डाणाला किती वेळ लागेल याचा हिशेब करून बॉम्बच्या बत्तीची लांबी ठरवावी लागे : बत्ती आखूड झाली तर तो हवेत फुटे, लांब झाली तर आतल्यांना ती विझवायला सवड मिळे. ला फेर येथे पूर्वी शिकवणाऱ्या बेलिदोरने १७३१ मध्ये अशा माऱ्याची कोष्टके छापली होती. क्रिया आणि परिणाम यांमधील हे अंतर मोजण्याची सवय ही या व्यवसायाची गाभ्याची सवय होय.

कादंबरीतील पत्रे याच अंतरावर चालतात. मेर्तयने २० सप्टेंबरला लिहिलेले स्वतःच्या घडणीचे ८१ वे पत्र आणि प्रेव्हाँ या अधिकाऱ्याला जाळ्यात ओढून त्याला कैद कशी घडवली हे सांगणारे ८५ वे पत्र वाल्मोंच्या संग्रही पडून राहते. वाल्मों मरताना तो संग्रह दांसनीच्या हाती देतो आणि डिसेंबरात ही दोन पत्रे पॅरिसभर फिरतात. मेर्तयचा नाश तिच्याच जुन्या पत्रांनी होतो; बत्ती तीन महिने जळत होती. तोदोरोव्हने १९६७ च्या विवेचनात पत्र हे या कादंबरीत कथेचे माध्यम असून कथेतील घटनाही आहे हे दाखवले. त्यात भर घालायची ती इतकीच, की ही घटना विलंबित असते, आणि तो विलंब कोणाच्या हाती आहे यावर सत्ता ठरते.

मराठीशी तुलना करता हे वेगळेपण अधिक उठून दिसते. वामन मल्हार जोशी यांच्या 'इंदु काळे व सरला भोळे' या पत्रात्मक कादंबरीत पत्र हे मुख्यतः विचारविनिमयाचे साधन आहे. पत्र येते, उत्तर जाते, प्रश्न पुढे सरकतो. ते चार दिवस उशिरा पोचले तर चर्चेचे फारसे बिघडत नाही. लाक्लोच्या कादंबरीत पत्र उशिरा पोचले तर माणूस मरतो. दोन्ही रचना पत्रांच्याच असूनही त्यांना एकाच साहित्यप्रकारात टाकणे म्हणूनच सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

लेखक म्हणजेच वाल्मों, हा समकालीनांचा समज या वाचनाने आपोआप सैल होतो. १७८२ मध्येच कादंबरीकार मादाम रिकोबोनी यांनी लाक्लोला पत्रे लिहून मेर्तयसारखे पात्र रंगवल्याबद्दल नापसंती कळवली आणि त्याने सविस्तर उत्तरे दिली. १७८६ मध्ये त्याने मारी-सुलांज द्युपेरे हिच्याशी विवाह केला. कैदेतून आणि इटलीतून तिला लिहिलेली त्याची पत्रे वाचणाऱ्याला त्यांत वाल्मोंचा मागमूस लागत नाही. पण या पत्रांनी कादंबरी 'निर्दोष' ठरते असेही नव्हे. विध्वंसाचा हिशेब अचूक मांडणाऱ्याला त्या हिशेबात रस असतोच, आणि हा रस लाक्लोने कोठेही नाकारलेला नाही.

उत्तरायुष्य थोडक्यात. सैन्य सोडून तो ओर्लेआंच्या ड्यूकच्या सेवेत गेला, जाकोबँ मंडळाचे पत्र चालवले, १७९२ मध्ये पुन्हा लष्करी कामात आला. १७९३ मध्ये त्याला अटक झाली. त्याच धामधुमीत दारू भरलेल्या पोकळ तोफगोळ्यांचे प्रयोगही त्याने केले. गोळा फुटायचा, पण पोचल्यानंतर : वेळेचा हा प्रश्न त्याला सोडत नव्हता. १७९४ च्या डिसेंबरात त्याची सुटका झाली. बोनापार्टने १८०० मध्ये त्याला तोफखान्याचा ब्रिगेड-जनरल केले, आणि ऱ्हाइनच्या सैन्यात, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्याने प्रथमच प्रत्यक्ष लढाई पाहिली. ५ सप्टेंबर १८०३ रोजी दक्षिण इटलीत तारांतो येथे तो आजाराने मरण पावला. तेथील बंदरासमोरच्या बेटावरील किल्ल्यात त्याला पुरले आणि वोबाँच्या या टीकाकाराचे नाव त्या किल्ल्याला दिले. १८१५ मध्ये बुर्बाँ सत्ता परतल्यावर ती कबर उद्ध्वस्त करण्यात आली.