संपर्क आणि संवाद

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला आता एकटेपणाची तक्रार करण्याचे कारण उरलेले नाही, असे मत अलीकडे सर्रास ऐकू येते. बदली इंफाळला होवो वा कोचीला, खिशातील यंत्र उघडताच सगेसोयरे, शाळासोबती, जुने सहकारी आणि महाराष्ट्र मंडळाचे सभासद समोर उभे राहतात. मग पत्राची वाट पाहणे कशाला, आणि मासिकाची वर्गणी तरी कशाला? हे मत वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. माणसांची खबर असणे ही एक गोष्ट, आणि माणसांशी बोलणे होणे ही दुसरी. पहिलीला संपर्क म्हणावे, दुसरीला संवाद. पहिली वाढली म्हणजे दुसरी आपोआप वाढते, असा समज आपण करून घेतला आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी महाजालावरील दोन प्रकारच्या जागांची, म्हणजे चर्चास्थळांची आणि समाजमाध्यमांची, तुलना करण्याचे आम्ही योजिले आहे.

या दोहोंत चर्चास्थळे वयाने वडील होत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ साली यूझनेटची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ती प्रत्यक्षात आली. तीत विषयवार गट असत. ज्याला जो विषय प्रिय, त्याने त्या गटात जाऊन वाचावे व लिहावे. मराठीत हा प्रघात खऱ्या अर्थाने रुजविला तो १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली'ने. पुढे २००४ मध्ये 'मनोगत', २००७ मध्ये 'उपक्रम' व 'मिसळपाव', आणि २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे' अशी स्थळे निघाली. त्यांचे लेखक बहुतांशी परदेशी व परप्रांती राहणारे, नोकरीधंद्यात गुंतलेले, आणि ज्यांचे नाव एरवी कोणत्याही मासिकाच्या अनुक्रमणिकेत आले नसते असे होते. मराठी गद्याच्या इतिहासकाराला हा वर्ग यापुढे वगळता येणार नाही.

या स्थळांची एक खूण मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. त्यांनी आपली भाषा स्वतः घडविली. लेख मांडून चर्चा सुरू केली की तो 'धागा'. त्याखाली येणारी मते म्हणजे 'प्रतिसाद'. केवळ वाचणारा आणि न लिहिणारा सभासद 'वाचनमात्र'. खाजगी पत्र म्हणजे 'व्यक्तिगत निरोप', आणि त्याचा संक्षेप 'व्यनि'. प्रत्यक्ष भेटीगाठींना कोणी 'कट्टा' म्हटले, कोणी 'गटग'. पुढे फेसबुक आले तेव्हा त्याचे 'चेहरापुस्तक' आणि त्याचेही 'चेपु' झाले ते याच मंडळींच्या तोंडी. उलट समाजमाध्यमांवर कोट्यवधी मराठी माणसे वावरत असूनही 'लाइक', 'शेअर', 'फॉरवर्ड', 'स्टेटस' या आयत्या शब्दांवरच त्यांचे काम भागते. शब्द घडविण्यासाठी एकत्र राहावे लागते, एकमेकांची थट्टा करावी लागते, मागचे बोलणे स्मरणात असावे लागते. जिथे हे घडते तिथे वस्ती असते; जिथे घडत नाही तिथे केवळ वर्दळ असते.

हा फरक कशामुळे पडतो? आमच्या मते तो मांडणीमुळे पडतो. चर्चास्थळावर विषय आधी आणि माणूस नंतर येतो. समाजमाध्यमावर माणूस आधी आणि विषय नंतर. धाग्याला शीर्षक असते. ते वाचून आपण आत शिरतो, आणि तिथे कोण बोलत आहे हे मागाहून कळते. ज्याचा आपला पूर्वपरिचय नाही, ज्याची जात, हुद्दा वा गाव आपल्याला ठाऊक नाही, अशा माणसाशी मर्ढेकरांच्या कवितेवरून वा भाजणीच्या प्रमाणावरून आपले कडाक्याचे मतभेद होतात, आणि त्या मतभेदांतूनच ओळख होते. समाजमाध्यमावर ओळख आधीच झालेली असते. तिथे आपण मामेभावाला, वरिष्ठाला, शाळेतील बाईंना उद्देशून एकाच वेळी बोलत असतो. आणि या सर्वांना एकाच वेळी रुचेल असे जे काही उरते, ते म्हणजे सुप्रभात, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सहलीची छायाचित्रे. यांत कोणाचा दोष नाही. इतक्या निरनिराळ्या नात्यांच्या माणसांसमोर उभे राहून मनातले बोलणे कोणालाच साधत नाही.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना हा भेद कचेरीतील दाखल्याने चटकन पटेल. केंद्र शासनाच्या फायलीला टिप्पणीचा आणि पत्रव्यवहाराचा असे दोन भाग असतात. टिप्पणीतील परिच्छेदांना क्रमांक असतात. आधीच्याने काय म्हटले ते वाचल्यावाचून पुढच्याला लिहिता येत नाही. आणि दहा वर्षांनी त्या जागेवर येणाऱ्या अनोळखी माणसालाही निर्णय कसा झाला ते समजते. धाग्याची घडण हीच आहे. समाजमाध्यमाची घडण मात्र मधल्या सुट्टीतील व्हरांड्यातल्या बोलण्यासारखी आहे. ते बोलणे आपुलकीचे असते, कित्येकदा फायलीतल्यापेक्षा अधिक खरे असते. परंतु त्याची नोंद राहत नाही, आणि काल रजेवर असलेल्याला आज त्याचा मागमूस लागत नाही. जुन्या धाग्यावर सात वर्षांनी कोणी नवा सभासद प्रतिसाद देतो आणि धागा पुन्हा वर येतो, हा चर्चास्थळावरील नित्याचा अनुभव आहे. गेल्या आठवड्यातील चांगला मजकूर व्हॉट्सॲपच्या समूहात शोधून काढणे मात्र जिकिरीचे होऊन बसते.

येथवर आपण घडणीचा विचार केला. आता हेतूचा करू. चर्चास्थळ चालविणारे बहुधा हौशी असतात आणि त्यांचा खर्चही बेताचा असतो. समाजमाध्यमांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते. म्हणून वाचक तिथे जितका वेळ रेंगाळेल तितके त्यांना हवेच असते. फेसबुकने २००६ साली सर्वांच्या बातम्यांचा एकत्र ओघ वाचकापुढे सोडण्यास सुरुवात केली आणि २००९ मध्ये पसंतीचे बटण आणले. त्या ओघात काय वर यावे हे वाचक ठरवीत नाही, लेखकही ठरवीत नाही. ते गणिताने ठरते. जानेवारी २०१८ मध्ये याच कंपनीने जाहीर केले की यापुढे कुटुंबीय व मित्र यांच्यातील अर्थपूर्ण देवघेवीला प्राधान्य दिले जाईल. हेतू उत्तम होता. परंतु ज्या मजकुरावर अधिक उत्तरे येतात तो अर्थपूर्ण, असा हिशेब मांडल्यामुळे संताप आणणाऱ्या मजकुराची भरभराट होते, असा इशारा कंपनीतल्याच माणसांनी दिल्याचे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिसून आले. संवाद मोजता येतो असे मानले की भांडणही संवादात जमा होते, हा त्यातील बोध आहे.

मग चर्चास्थळे सर्वगुणसंपन्न होती काय? तसे म्हणणे सत्याला सोडून होईल. टोपणनावाने लाजऱ्या माणसाला वाचा दिली, तशीच ती टवाळालाही दिली. जुन्या सभासदांची कंपूबाजी, नवागताच्या पहिल्याच लेखाची शुद्धलेखनावरून उडविलेली रेवडी, संपादकांच्या पक्षपाताचे रुसवेफुगवे आणि त्यातून निघालेली नवनवी स्थळे, हा इतिहास नियमित वाचकांना परिचित आहे. शिवाय चर्चास्थळ मोठ्या संख्येला झेपत नाही. यूझनेटवर दर सप्टेंबरात विद्यापीठांतील नवे विद्यार्थी येत, आणि महिना-दोन महिन्यांत जुन्यांकडून रीतभात शिकून घेत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांचे असंख्य ग्राहक एकदम तिथे आले आणि ही शिकवणी कोलमडली. तेव्हापासून तिथे कायमचा सप्टेंबर चालू आहे, असे जुने लोक म्हणू लागले. रीत ही माणसाकडून माणसाकडे जाते. येणारे फार आणि सांगणारे थोडे झाले की ती मोडते. आमच्या मंडळांच्या गणेशोत्सवांनाही हे सूत्र लागू पडावे.

समाजमाध्यमांच्या बाजूनेही जे म्हणावयास हवे ते निःसंकोचपणे म्हटले पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला तेव्हा, आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट उसळली तेव्हा, कोठे नाव मिळेल, कोठे खाट आणि प्राणवायू मिळेल, हे लोकांनी एकमेकांना समाजमाध्यमांवरून कळविले. त्या प्रसंगी चर्चास्थळावर शीर्षक देऊन धागा काढीत बसणे हास्यास्पद ठरले असते. ज्या वृद्ध आईला लेखन जमत नाही, तिला नातवाचा चेहरा दिसतो तो याच माध्यमामुळे. हाक मारण्यासाठी आणि हाकेला ओ देण्यासाठी त्याहून योग्य साधन माणसाच्या हाती यापूर्वी आले नव्हते.

परंतु हाक जितक्या वेगाने जाते तितक्याच वेगाने अफवाही जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या दिवसांत तशा अफवा देशभर भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही असे बंधन घालण्याचे ठरविले. बंधन योग्यच होते. तथापि ते वेगावरचे बंधन होते. मूळ उणीव वेगाची नसून पुराव्याची आहे. पुढे ढकललेल्या मजकुराला लेखक नसतो, आधीचा प्रतिसाद नसतो, आणि 'हे कशावरून?' असे विचारणाऱ्याला जागा नसते. धाग्यात खोटी माहिती येते, परंतु तिच्याखालीच तिचे खंडनही येते, आणि दोन्ही एकत्र वाचली जातात.

आता आमच्यासारख्या परप्रांतस्थांचा विशेष प्रश्न. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. ओळखीतून ज्यांना नोकरी लागली त्यांपैकी बहुतेकांना ती बातमी जिवलगाकडून न मिळता क्वचित भेटणाऱ्या परिचिताकडून मिळाली, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. जिवलगांचे वर्तुळ एकच असल्यामुळे त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. नवे काही येते ते वर्तुळाबाहेरून. नोकरीच्या बातमीला जे लागू ते विचारालाही लागू आहे. समाजमाध्यम आपल्याला आपलीच माणसे पुन्हा पुन्हा दाखविते, आणि बदलीच्या गावी आपण जुन्या गावाच्या समूहातच राहू लागतो. तीन वर्षे गुवाहाटीत काढूनही मनाने नागपूरच्या गल्लीतून बाहेर न पडलेला अधिकारी हे आज विरळ दृश्य नाही. अनोळखी मराठी माणसाशी, आणि त्याच्या मार्फत अनोळखी प्रदेशाशी, गाठ घालून देण्याचे काम चर्चास्थळाने अधिक केले.

हे काम मराठीला नवेही नाही. लोकहितवादींची पत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात प्रसिद्ध झाली, तीही टोपणनावानेच. अनोळखी वाचकाला उद्देशून, एका विषयाला धरून, मतभेदाची तयारी ठेवून लिहिणे ही आपल्या गद्याची जन्मापासूनची सवय आहे. आज संकट आहे ते या सवयीवर. जो मनुष्य पूर्वी दोनशे शब्दांचा प्रतिसाद लिहीत असे, तो आता अंगठ्याचे चिन्ह उमटवितो. त्याला मत नाही असे नव्हे. मत मांडण्याची तालीम त्याच्या हातून सुटत चालली आहे. महाराष्ट्रात ती तालीम वृत्तपत्रांतून आणि सभांतून थोडीबहुत चालू राहील. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांना दुसरी शाळा नाही. त्यांचे मराठी 'छान', 'मस्त' आणि 'अभिनंदन' या तीन शब्दांवर थांबले, तर त्याला त्यांची बुद्धी जबाबदार असणार नाही.

निष्कर्ष असा की या दोहोंत वैर कल्पिण्याचे कारण नाही. अधिकाराच्या मर्यादा ओळखण्याचे मात्र आहे. निरोप, निमंत्रण, सुखदुःखाची वार्ता आणि अडल्या वेळची हाक ही समाजमाध्यमाची कामे. मतभेद, आठवण, माहितीची पारख आणि भाषेची मशागत ही चर्चास्थळाची. आपल्या मंडळांनी निदान एवढे करावे : नव्या गावी घर कसे मिळाले, मुलांना मराठी शिकविण्याचा कोणता प्रयोग साधला वा फसला, कोणते नाटक बसविताना काय अडचण आली, हे समूहातील गप्पांत विरून जाऊ न देता एखाद्या चर्चास्थळावर वा मासिकाच्या पत्रव्यवहारात शीर्षक देऊन लिहून ठेवावे. त्याला पाच उत्तरे आली तरी पुरे. आपली बदली झाल्यावर त्या जागी येणाऱ्या अनोळखी मराठी माणसाला ती पाच उत्तरे वाचावयास मिळतील. त्यांतील एखादे त्याला पटणार नाही, आणि तो सहावे लिहील.