मुदत संपलेला कागद आणि चेहरा

अ‍ॅलिसन रॉसिटर या अमेरिकी कलावतीची चित्रे पाहताना वाचकांनी आधी शीर्षक वाचावे. त्यात भावना नाही, उपमा नाही. कागदाचा कारखाना, त्याची जात, मुदत संपल्याचे साल आणि तिने तो धुतल्याचे साल, एवढेच. कबरीवरच्या कत्ब्यासारखे. 2007 साली जुन्या फिल्मच्या खरेदीसोबत मे 1946 मध्ये मुदत संपलेला कोडॅकचा कागद तिच्या हाती आला. कॅमेरा नाही, निगेटिव्ह नाही. तिने तो नुसता डेव्हलपरमध्ये टाकला आणि पेन्सिलीने रेखल्यासारखी करडी छटा उमटली. पुढे एकोणिसाव्या शतकाअखेरचे कागदही तिने धुतले.

यात जादू नाही. जिलेटिनमधले चांदीचे क्षार उष्णतेने, दमटपणाने बिघडतात आणि उजेड न लागताही डेव्हलपरमध्ये काळवंडतात. ओल कडेने शिरते, म्हणून कडा आधी जाते. बुरशी उमटते, बोटांचे ठसे उमटतात. आमच्या पिंपरी पेंढारच्या पावसाळी हवेत या कामाला साठ वर्षे कशाला हवीत! असा कागद वापरायचाच तर डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड किंवा बेंझोट्रायझोल घालतात, एनलार्जरखाली वेळ वाढवतात. धुके थोडे हटते. पांढरा मात्र पहिल्यासारखा पांढरा होत नाही. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखानाही आता बंद आहे, तेव्हा जुन्या खोक्यांची ओढ समजण्यासारखी आहे.

पण हल्ली हौशी मंडळी अशा कागदावर मुद्दाम माणसांचे चेहरे छापतात, ‘जुना भाव’ यावा म्हणून. इथे आमचे जमत नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत आजीचा एकुलता एक फोटो म्हणजे हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. त्या चेहऱ्यावर चढणाऱ्या करडेपणाला सौंदर्य म्हणायला घरचे कोण तयार होईल? रॉसिटरने चेहरा छापलाच नाही. कागदाचे दुखणे तिने कागदापुरतेच ठेवले, ही तिची सभ्यता.

तरी सगळेच सारखे उतरलेले नाही. कागद डेव्हलपरमध्ये बुडवून तिने डोंगर-क्षितिजासारखे आकार काढले आहेत. आम्ही ते छापील पानांवरच पाहिले, म्हणून जरा जपून बोलतो. पण डोंगर दिसू लागला की कागद दिसेनासा होतो आणि उरते एक बरे निसर्गचित्र. तसली पुष्कळ आहेत. ज्या पानांवर फक्त कडेची ओल आणि कुणा अनोळखी हाताचा ठसा आहे, त्यांच्यापाशी आम्ही जास्त वेळ थांबलो.