मुदतीची हुंडी आणि रोखलेली रक्कम : देयक-मध्यस्थांच्या नियमभाषेचे एक परीक्षण

नियमांची आणि करारपत्रांची भाषा ही समीक्षेच्या कक्षेबाहेरची गोष्ट होय, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. काव्य, नाटक, कादंबरी यांचे परीक्षण व्हावे. सरकारी परिपत्रकाचे वा व्यापारी कराराचे केवळ पालन व्हावे, अशी ही वाटणी आहे. परंतु ज्या मजकुराच्या एका उपवाक्यावर हजारो कुटुंबांचा आठवड्याचा हिशेब अवलंबून असतो, त्या मजकुरात कर्ता कोण, क्रिया कोणती आणि काळ कोणता, हे प्रश्न निव्वळ व्याकरणाचे राहत नाहीत. आंतरजालावर विक्री झाल्यानंतर ग्राहकाने दिलेली रक्कम मध्यस्थ संस्थेकडे काही काळ अडून राहते. या व्यवहाराचे नियमन करणाऱ्या भाषेचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा दृष्टीसमोर ठेवला आहे. आणि तसे करण्यास कारणही आहे.

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कल्याण कँपाचे उल्हासनगर झाले. घरदार व पेढी मागे टाकून आलेल्या या माणसांपाशी भांडवल असे फारसे नव्हते. त्यांनी सोबत आणली ती उधारीची शिस्त आणि फिरत्या पैशाची कला. थोडे भांडवल वर्षातून अनेकदा फिरवावे, दर फेरीस नफा अल्प घ्यावा, पण फेरी थांबू देऊ नये, हे त्या कलेचे मर्म होय. गजानन मार्केटमधील कापड, जीन्सचे शिवणकाम, फर्निचर हे येथील धंदे याच मर्मावर उभे राहिले. पुढे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार आणि बदलापुरात घरबसल्या माल तयार करून विकणारी कुटुंबे हीही त्याच रेल्वेमार्गावरील व त्याच हिशेबातली मंडळी झाली. ज्याचे भांडवल वर्षातून एकदा फिरते, त्यास पंधरा दिवसांचा विलंब ही गैरसोय वाटते. ज्याचे महिन्यातून दोनदा फिरते, त्याची त्याच पंधरा दिवसांत एक संपूर्ण फेरी बुडते. म्हणून विलंबाच्या भाषेचा कस या पट्ट्यात जितका लागतो तितका मोठ्या पेढ्यांच्या मुंबईत लागत नाही.

सिंधी व्यापारी परंपरेत शिकारपुरी सराफांचे स्थान सर्वविदित आहे. मुंबईच्या बाजारात ज्यांस मुलतानी म्हणून ओळखीत, त्या या सराफांची हुंडी बहुधा नव्वद दिवसांच्या मुदतीची असे. हुंडीच्या शास्त्रात विलंबास स्वतःचे नाव होते, हे येथे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी; ठरल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. माल जलमार्गे पाठवून त्या मालाच्या भरवशावर जी लिहिली जाई ती जोखमी. जोखमी हुंडी विकत घेणारा सराफ माल पाठविणाऱ्यास पैसे तत्काळ देत असे. जहाज सुखरूप पोहोचले तर माल घेणाऱ्याकडून त्याची वसुली होई, जहाज बुडाले तर सराफाचे पैसेही बुडत. म्हणजे एका कागदात देवघेव आणि विमा यांचा संगम झालेला होता. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील अशा कागदांविषयीचे स्थानिक प्रघात पहिल्याच कलमात अबाधित ठेवले.

या पद्धतीचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. तीत व्याजाचे दर चढे असत, विश्वासाचे वर्तुळ जातीपुरते व ओळखीपुरते मर्यादित असे, आणि ज्यास ओळख नाही त्यास पेढीची पायरी चढता येत नसे. तथापि तीन गोष्टी हुंडीच्या भाषेत स्पष्ट होत्या : पैसे कोणी द्यावयाचे, कोणत्या दिवशी द्यावयाचे, आणि वाटेतली जोखीम कोणाची. या तीन कसोट्या हाती घेऊन आपण आजच्या मजकुराकडे वळू.

रिझर्व्ह बँकेने २४ नोव्हेंबर २००९ रोजी या मध्यस्थांविषयी पहिले निदेश काढले. त्यांत ‘टी’ हे एकच अक्षर होते. व्यवहार पूर्ण झाल्याची सूचना मध्यस्थास मिळाली तो दिवस म्हणजे ‘टी’; आणि विक्रेत्याची रक्कम प्रकारपरत्वे ‘टी’नंतर दोन किंवा तीन दिवसांच्या आत चुकती झाली पाहिजे. मजकूर रुक्ष खरा. परंतु हुंडीच्या दुसऱ्या कसोटीस तो बहुतांशी उतरतो. तो मुदती हुंडीसारखाच वाचता येतो, फक्त मुदत दिवसांची आहे.

१७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत या एका अक्षराची चार अक्षरे झाली. ग्राहकाच्या खात्यातून पैसे वळते झाले तो दिवस ‘टीपी’; माल रवाना झाल्याचे विक्रेत्याने कळविले तो ‘टीएस’; माल पोहोचल्याची खात्री विक्रेत्याने दिली तो ‘टीडी’; आणि पैसे परत मागण्याची मुदत संपते तो ‘टीआर’. माल पोहोचविण्याची जबाबदारी मध्यस्थाची असेल तर ‘टीएस’च्या दुसऱ्या दिवसापर्यंत, विक्रेत्याची असेल तर ‘टीडी’च्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे द्यावेत, आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम ठेवण्याची तरतूद करारात असेल तर ‘टीआर’च्या दुसऱ्या दिवसापर्यंत द्यावेत.

या मजकुराचे श्रेय आधी नोंदविणे न्याय्य होईल. विक्रेत्यांचा पैसा मध्यस्थाच्या इतर धंद्यात मिसळू नये म्हणून तो अनुसूचित वाणिज्य बँकेतील एस्क्रो खात्यात स्वतंत्र ठेवावा, असे त्याने सांगितले. मध्यस्थाचे दिवाळे निघाले तरी त्या रकमेस कायद्याचे कवच राहावे म्हणून २००७ च्या देयक व समायोजन प्रणाली अधिनियमातील कलम २३-अ त्यास लागू केले. मध्यस्थाची निव्वळ मत्ता अर्जाच्या वेळी १५ कोटी व पुढे २५ कोटी रुपये असावी, अशी अटही घातली. पैसा बुडू नये, ही चिंता येथे पूर्णपणे व्यक्त झाली आहे. पण पैसा वेळेवर मिळावा, ही चिंता त्याच स्पष्टतेने व्यक्त झाली आहे काय?

चार अक्षरांकडे पुन्हा पाहावे. पहिल्या तिन्ही व्याख्यांत एकेक घडलेली घटना आहे : खात्यातून रक्कम गेली, माल निघाला, माल पोहोचला. चौथ्या व्याख्येत घटना नाही. एक ठरविलेली तारीख आहे. ती विक्रेत्याने ठरविलेली, असे मूळ शब्द म्हणतात. परंतु रक्कम तोपर्यंत ठेवण्याची तरतूद ज्या करारात असावयाची, तो करार लिहितो कोण? उल्हासनगरचा जीन्सविक्रेता काही मध्यस्थापुढे करारपत्र ठेवीत नाही. तो पडद्यावर आलेल्या छापील कलमांखाली संमतीची खूण करतो. व्याकरणात कर्ता विक्रेता आहे, व्यवहारात कर्ता मध्यस्थ आहे. नियमाने दिलेली तारीख अशा रीतीने कराराच्या हाती जाते, आणि जो नियम कमाल मर्यादा सांगण्यासाठी लिहिला गेला तो एका ‘असेल तर’मधून आपली मर्यादा सोडतो.

करारांची भाषा याहून एक पाऊल पुढे जाते. अशा करारांत सर्रास आढळणारी वाक्ये कर्मणि प्रयोगात असतात : रक्कम रोखली जाऊ शकते, राखीव ठेवली जाऊ शकते, तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबविली जाऊ शकते. कोण रोखतो, कोणत्या कारणासाठी, किती दिवस, हे वाक्यात येतच नाही. आले तर ‘संस्थेच्या स्वेच्छानिर्णयानुसार’ एवढेच येते. हुंडी न सकारणाऱ्या पेढीस निदान ‘नाकारली’ असे म्हणावे लागे, आणि त्या एका शब्दाने तिच्या पतीस बट्टा लागे. आजच्या भाषेत नकारही नाही आणि स्वीकारही नाही. ‘प्रक्रियाधीन’ ही तिसरीच अवस्था निर्माण झाली आहे. तीत कोणाची पत जात नाही. फक्त विक्रेत्याचे दिवस जातात.

यावर मध्यस्थांचे म्हणणे असे की, ही सावधगिरी अपरिहार्य आहे. चोरीच्या कार्डाने खरेदी होते, ग्राहक बँकेकडे तक्रार करून रक्कम उलटवितो, काही विक्रेते पैसे घेऊन मालच पाठवीत नाहीत. विक्रेत्यास पैसे देऊन झाल्यावर तो सापडला नाही तर भुर्दंड मध्यस्थावर बसतो. हा युक्तिवाद खोटा नाही. ज्या ग्राहकाने विक्रेत्यास कधी पाहिलेले नाही, त्याचा विश्वास टिकविण्यासाठी कोणी तरी मध्ये उभे राहिले पाहिजे, हेही मान्य केले पाहिजे. पण येथेच जोखमी हुंडीची तुलना उद्बोधक ठरते. तीत मध्ये उभा राहणारा सराफ जोखीम स्वतःकडे घेई आणि तिचे मोल आकारी. आजचा मध्यस्थ प्रत्येक व्यवहारावर शुल्क तर आकारतोच, आणि जोखीम मात्र विक्रेत्याची रक्कम रोखून विक्रेत्याकडेच ठेवतो. जोखमीचे मोल घेणे आणि जोखीम न घेणे या दोन गोष्टी एका करारात नांदू लागल्या, तर त्या मोलास दुसरे नाव शोधावे लागेल.

विलंब तांत्रिक कारणांनी होतो, हे म्हणणे तर आता टिकणारे नाही. ‘यूपीआय’ ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये आली. ‘एनईएफटी’ १६ डिसेंबर २०१९ पासून आणि ‘आरटीजीएस’ १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू झाली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसा काही क्षणांत जाऊ शकतो. कार्डाच्या व्यवहारात बँकांमधील हिशेब मिटण्यास जो अवधी लागतो तो वगळला, तर उरलेला विलंब हा कोणी तरी घेतलेला निर्णय असतो. आणि निर्णयास कर्ता व कारण असलेच पाहिजे.

आणखी एक मुद्दा व्याजाचा. २०२० च्या मजकुराप्रमाणे एस्क्रो खात्यातील रकमेवर एरवी व्याज नाही. परंतु तिच्यातील जो ‘गाभा’ कधीच कमी होत नाही, तो काही अटींवर वेगळ्या खात्यात ठेवून त्यावर बँकेकडून व्याज घेण्याची मुभा मध्यस्थास दिलेली आहे. हा गाभा कशाचा बनतो? आज एकाचे पैसे निघतात, उद्या दुसऱ्याचे येतात. असंख्य विक्रेत्यांच्या थांबलेल्या दिवसांची ती बेरीज असते. त्या व्याजात विक्रेत्याचा वाटा असावा, असे तो मजकूर म्हणत नाही. उलट, पैसे त्याच दिवशी हवे असतील तर वेगळे शुल्क भरून ते लवकर मिळविण्याची सोय काही मध्यस्थ विक्रेत्यांस देऊ करतात. हुंडीच्या बाजारात मुदतीपूर्वी पैसे घेणारा वटाव देत असे, कारण तो दुसऱ्याचे भांडवल वापरीत असे. ग्राहकाची रक्कम मध्यस्थाच्या हाती येऊन पडल्यानंतर विक्रेता जो वटाव देतो, तो स्वतःच्याच पैशावर देतो.

येथे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाचे स्मरण होते. लहान उत्पादकाचे देणे खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत फेडले पाहिजे, न फेडल्यास बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे कलम १५ व १६ सांगतात. तेथे विलंबास किंमत आहे. परंतु ती कलमे ‘खरेदीदारा’स उद्देशून आहेत. ग्राहकाने पैसे तर त्याच क्षणी दिलेले असतात. अडविणारा मध्यस्थ खरेदीदार नव्हे. देणेकरी फेडून मोकळा झाला, घेणेकऱ्यास मिळाले नाही, आणि मधला त्या दोन शब्दांपैकी कोणत्याही शब्दात बसत नाही, असा हा पेच आहे.

सीमेपलीकडील विक्रीच्या बाबतीत याच बँकेने अधिक ठाम भाषा वापरल्याचे आढळते. १६ नोव्हेंबर २०१० च्या परिपत्रकाने परदेशी ग्राहकाकडून आंतरजालाद्वारे आलेली रक्कम (तेव्हा एका व्यवहारास ५०० डॉलरपर्यंत) कोणत्याही परिस्थितीत सात दिवसांच्या आत निर्यातदाराच्या खात्यात आली पाहिजे, असे बजावले. त्यामुळे ‘पेपॅल’सारख्या सेवेत शिल्लक ठेवून तीच पुढे खर्च करण्याची पद्धत भारतीय विक्रेत्यांपुरती १ मार्च २०११ पासून बंद झाली. त्या नियमामागे परकीय चलनाची काळजी होती, विक्रेत्याची नव्हे, हे खरे. तरीही ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द लिहिता येतात, एवढे त्यावरून सिद्ध होते. १५ सप्टेंबर २०२५ रोजी बँकेने मध्यस्थांविषयीचे निदेश नव्याने एकत्रित केले. समोरासमोरचे व्यवहारही त्यांच्या कक्षेत आले. नियमांची व्याप्ती वाढत असताना त्यांच्या वाक्यरचनेकडे लक्ष देण्याची निकड कमी न होता वाढली आहे.

सारांश, हुंडीच्या तीन कसोट्यांपैकी पैसा सुरक्षित कोठे राहावा हे नव्या नियमभाषेने उत्तम सांगितले आहे. पण ती हुंडीने विचारलेली गोष्टच नव्हती. पैसे कोण देणार, कोणत्या दिवशी, आणि जोखीम कोणाची, या प्रश्नांवर ती सैल पडते. सुधारणेची दिशा त्यावरूनच निघते. रक्कम रोखावयाची झाल्यास रोखणाऱ्याने कर्तरी वाक्यात, कारणासह, विक्रेत्यास समजेल अशा मराठीत वा सिंधीत ते लेखी कळवावे. त्या पत्रात शेवटची तारीख असावी. आणि तक्रार निराधार ठरल्यास रोखलेल्या दिवसांचे व्याज विक्रेत्यास मिळावे. यांत नवीन असे काही नाही. निर्वासितांच्या छावणीतून ज्यांनी बाजार उभा केला, त्यांच्या पूर्वजांची पेढी एवढ्या गोष्टी एका चिठोऱ्यावर लिहीत असे. आजच्या करारपत्रांची पाने पुष्कळ आहेत. त्यांत या तीन ओळींस जागा होण्यास अडचण नसावी.