उत्तरभाग आणि उत्तर : ‘झपाटलेला २’ व झाडीपट्टीतील पुनरावृत्ती

‘उत्तर’ या शब्दाचे दोन अर्थ मराठीत सारख्याच सहजतेने वावरतात. जे नंतर येते ते उत्तर, आणि प्रश्नाला दिले जाते तेही उत्तर. कलाकृतीच्या उत्तरभागाचा विचार करताना समीक्षा बहुधा पहिल्या अर्थावरच थांबते. पूर्वभागानंतर काय घडले एवढेच विचारते. उत्तरभाग फसला की ‘तेच ते पुन्हा’ असा शेरा मारला जातो आणि चर्चा संपते. हा शेरा किती अपुरा आहे, आणि तो सरसकट वापरल्याने कोणावर अन्याय होतो, हे महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘झपाटलेला २’ (२०१३) या दोन चित्रपटांच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टी रंगभूमीला हाच शेरा वर्षानुवर्षे ऐकावा लागला आहे, म्हणून या तपासणीला केवळ एका चित्रपटापुरते महत्त्व नाही.

प्रथम पूर्वभाग. ‘झपाटलेला’ची कल्पना स्वतंत्र नाही, हे सर्वश्रुत आहे. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा मंत्रबळाने बाहुल्यात शिरतो आणि पुन्हा मनुष्यदेह मिळवण्यासाठी धडपडतो, हे सूत्र १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातून आले आहे. परंतु उसनवारीची नोंद केली म्हणजे रूपांतराचे मूल्यमापन झाले असे होत नाही. मूळ चित्रपटात बाहुला एका सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. बाहुला बोलला असे मूल सांगते आणि मोठी माणसे ते बालकल्पना म्हणून सोडून देतात. तेथील भय या अविश्वासातून निर्माण होते. मराठी चित्रपटाने त्या मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या बोलके आणला. लक्ष्या हा प्रौढ, भाबडा, आणि मुख्य म्हणजे बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा शब्दभ्रमकार. या एका बदलाने सूत्राचा आशयच पालटला.

शब्दभ्रमकाराची कला ती काय? बाहुली बोलते आहे असा भास निर्माण करणे, आणि तो भासच आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असताना त्याचा आनंद देणे. अशा माणसाने जर ‘बाहुला खरोखरच बोलला’ असा आक्रोश केला, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याची कलाच त्याच्या साक्षीविरुद्ध उभी राहते. जो आजवर निर्जीवाला आपला आवाज उसना देत आला, त्याच्याकडे आता एक निर्जीव वस्तू त्याचे शरीरच मागू लागते. लक्ष्याच्या आडनावापासून त्याच्या गोंधळलेल्या देहबोलीपर्यंत सारे या विपर्यासाभोवती जुळून आले आहे. दिग्दर्शकाने हे किती जाणीवपूर्वक योजले असेल हा प्रश्न गौण आहे. संहितेत ते आहे. दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचूला दिलेला घोगरा, काहीसा तक्रारखोर आवाज आणि रामदास पाध्ये यांची बाहुलाकारी यांमुळे विनोद आणि भय एकाच आवाजात नांदतात. मराठी लोकप्रिय चित्रपटात हे संयुग दुर्मीळ आहे. थोडक्यात, उसन्या सूत्रावर उभा असूनही पहिला ‘झपाटलेला’ हा त्या सूत्राला दिलेले मराठी उत्तर आहे.

दुसऱ्या चित्रपटाची स्थिती नेमकी उलटी झाली. येथे सूत्र स्वतःचे होते, तरी ते उसने वाटते.

२०१३ चा हा चित्रपट मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून गाजवला गेला. मधल्या वीस वर्षांत बरेच काही घडले होते. त्यातली सर्वांत मोठी घटना म्हणजे १६ डिसेंबर २००४ रोजी झालेला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा मृत्यू. उत्तरभागाच्या कथेतही लक्ष्या हयात नाही. त्याचा मुलगा आदित्य तरुण झाला आहे, तोही शब्दभ्रमकार आहे, आणि तात्या विंचूला आता बापाऐवजी मुलाचा देह हवा आहे. आदित्यची भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. म्हणजे दिग्दर्शकाचा मुलगा दिग्दर्शकाच्या दिवंगत सहकाऱ्याच्या मुलाची भूमिका करतो. ‘धूमधडाका’पासून (१९८५) चालत आलेल्या कोठारे-बेर्डे या जोडीचा इतिहास लक्षात घेता ही पात्ररचनाच एक प्रश्न आहे. वारशात काय येते? कला येते, की ऋण येते, की झपाटणे येते? बापावर कोणी विश्वास ठेवला नव्हता हे मुलाला माहीत आहे काय? असल्यास बाहुल्या हाती घेताना त्याला काय वाटते?

चित्रपट यांपैकी एकही प्रश्न विचारत नाही. तो तात्याला जागा करतो आणि पुन्हा त्याच वाटेने धावायला लावतो : तोच मंत्र, तीच धमकी, तोच पाठलाग, तेच पोलिस. लक्ष्याच्या अभावाने रिकामी झालेली विनोदाची जागा मकरंद अनासपुरे आदी नटांकडे सोपवली आहे. हे नट आपल्या परीने हशा मिळवतात. परंतु पहिल्या चित्रपटात विनोद आणि संकट एकाच माणसाच्या अंगावर होते, दुसऱ्यात विनोद एकाकडे आणि संकट दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली आहे. त्यामुळे संकट निर्विनोद होते आणि विनोद निष्कारण. आदित्यचे शब्दभ्रमकार असणेही असेच शोभेपुरते उरते. त्याला जिवंत बाहुला भेटला काय किंवा एखादा सामान्य गुंड भेटला काय, त्याच्या कलेच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही. त्रिमितीने पडद्याला खोली दिली खरी, पण कथेला काळाची मिती मिळाली नाही. वीस वर्षे उलटल्याची खूण नटांच्या चेहऱ्यांवर आहे, संहितेत नाही.

उंबेर्तो एको यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात जनमाध्यमांतील पुनरावृत्तीचे काही प्रकार वेगळे केले आहेत. त्यातील दोन येथे उपयोगी पडतात. मालिकेत नायक स्थिर असतो, प्रसंग आवर्ती असतात, काळ जणू सरतच नाही. प्रेक्षकाला ओळखीचे पुन्हा भेटल्याचे समाधान मिळते. वंशगाथेत मात्र पात्रे वयाने वाढतात, मरतात, पुढची पिढी येते. ‘झपाटलेला २’चा रूपबंध वंशगाथेचा आहे आणि वर्तन मालिकेचे. लक्ष्याच्या मुलाला पुढे आणून तो काळ सरल्याचे कबूल करतो आणि लगेच काळ सरलाच नाही असे भासवतो. रसभंग होतो तो येथे. प्रेक्षकांना तात्या विंचू पुन्हा पाहायचा होता, हे समर्थन त्यामुळे पुरे पडत नाही. १९९३ मध्ये जी मुले भ्याली ती २०१३ मध्ये तिशीच्या आसपास होती, आणि त्यांना भेटायचे होते ते वीस वर्षांनी थोराड झालेल्या एका भयाला.

आपल्या काव्यशास्त्राला ही अडचण ठाऊक होती. परिपोष झालेला रस पुनःपुन्हा उद्दीपित करणे हा आनंदवर्धनाने रसभंगाच्या कारणांत गणला आहे, आणि हाताळून हाताळून कोमेजलेल्या फुलाची उपमा त्याने तेथे दिली आहे. मम्मटानेही रसदोषांमध्ये याचा समावेश केला. परंतु हा दोष पुनरावृत्तीमात्राचा नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आक्षेप आहे तो आपल्या सामग्रीने पूर्ण फुललेल्या रसाला नवी सामग्री न देता पुन्हा चुरगळण्याला.

नवी सामग्री म्हणजे काय, याचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण उत्तरभागाचेच आहे, आणि त्याचा कर्ता विदर्भाचा आहे. भवभूतीने आपले गाव पद्मपूर म्हणून सांगितले, वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पदमपूर मानले. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील हा भाग झाडीपट्टीतच मोडतो. ‘महावीरचरिता’त रामकथा राज्याभिषेकापर्यंत नेल्यावर भवभूतीने ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्याच्या पहिल्या अंकात काय होते? राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहतात. म्हणजे उत्तरभागाची सुरुवातच पूर्वभागाच्या पुनरावृत्तीने होते! पण ती चित्रे पाहताना भय, लज्जा, शोक हे सारे पुन्हा जागे होतात, आणि ते अरण्य पुन्हा पाहावे अशी जी इच्छा सीतेच्या मनात उमटते तीच तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. पूर्वभागाचे स्मरण हेच उत्तरभागातील संकटाचे साधन होते. पुढे बारा वर्षांनी राम दंडकारण्यात परततो तेव्हा जेथे प्रवाह होता तेथे वाळवंट आहे, दाट झाडी विरळ झाली आहे आणि विरळ होती तेथे दाटली आहे. हेच ते स्थळ अशी खात्री केवळ पर्वतांमुळे पटते. उत्तरभागाचे याहून नेमके वर्णन क्वचितच कोणी केले असेल. ओळख पटण्यापुरते काही अढळ हवे, आणि बाकी सारे बदललेले हवे. ‘झपाटलेला २’मध्ये पर्वतच पर्वत आहेत.

(भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतच्या कादंबऱ्यांवरही पुनरावृत्तीचा आरोप होत आला आहे. चांगदेव पाटील गाव बदलतो, नोकरी बदलतो, आणि पुन्हा तोच अनुभव घेतो. पण येथे पुनरावृत्ती हाच आशय आहे. गाव बदलूनही काही बदलत नाही ही त्या चतुष्टयाची व्यथा आहे. तिची गल्लत अनुकरणाशी करता येणार नाही.)

आता झाडीपट्टीकडे वळता येईल. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरू लागली की वडसा-देसाईगंज येथे कार्यालये थाटून बसलेल्या नाट्यमंडळांकडे गावकऱ्यांची रीघ लागते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा या तालुक्यांतील गावांमधून रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. दंडार आणि खडी गंमत यांच्या पायावर उभी राहिलेली ही रंगभूमी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर विद्यापीठीय वर्तुळांना काहीशी नव्याने दिसू लागली. त्याआधी आणि त्यानंतरही तिच्यावरचा ठरावीक आक्षेप एकच : कथानके ठरलेली, आईचा विलाप ठरलेला, खलनायक ठरलेला, विनोदी पात्र ठरलेले, मध्ये लावणी ठरलेली. तेच ते पुन्हा.

वर्णन म्हणून हे खोटे नाही. पण ज्या कसोटीवर ‘झपाटलेला २’ उणा ठरतो, त्या कसोटीवर हा प्रयोग उणा ठरतो काय? झाडीपट्टीचे नाटक काळ सरल्याचा दावाच करीत नाही. पुढे काय होणार हे त्याच्या प्रेक्षकाला बरेचसे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असण्यावरच त्याचा आस्वाद उभा असतो. विनोदी नट ज्या गावात उभा आहे त्या गावची माणसे, तेथले भांडण, त्या हंगामाचे धान ऐन वेळी संवादात आणतो. म्हणजे चौकट तीच आणि सामग्री रोज नवी. थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक विलापाची वाट पाहत असतो. विलाप येणार हे त्याला माहीत असते, आज तो कसा येतो हे माहीत नसते. दशावतारापासून कीर्तनापर्यंत आपल्या प्रयोगकलांमध्ये पुनरावृत्तीचा हाच नियम चालत आला आहे. छापील संहितेवर पोसलेली समीक्षा केवळ कथानकाची बेरीज करते, म्हणून तिला हे दिसत नाही. मग ती मुंबईतल्या त्रिमितीपटाला आणि सिंदेवाहीच्या मांडवातल्या नाटकाला एकच शेरा देते. पहिल्याच्या बाबतीत हा शेरा फार सौम्य आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत चुकीचा.

तात्या विंचूच्या संदर्भात बाहुल्यांच्याच दुनियेतील एक उदाहरण घेता येईल. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव त्यांच्याकडे वडील य. के. पाध्ये यांच्याकडून आला आणि पुढे सत्यजित पाध्ये यांच्या हाती गेला. बाहुली तीच, आवाज देणारी पिढी वेगळी. ‘भाग दुसरा’ असे नाव देण्याची गरज तेथे कोणाला भासली नाही. बापाची बाहुली मुलाच्या हातात बोलू लागते तेव्हा तिचा आवाज नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या घराण्याच्या प्रत्येक प्रयोगात निःशब्दपणे हजर असतो. ‘झपाटलेला २’च्या निर्मितीत हेच पाध्ये होते, पडद्यावर शब्दभ्रमकाराचा मुलगा होता, आणि त्या मुलाच्या तोंडून बापाचा आवाज एकदा तरी उमटावा यासाठी लागणारे सारे साहित्य पटकथेच्या हाताशी होते. त्या आवाजाऐवजी ऐकू येतो तो पुन्हा तात्याचाच मंत्र.