इच्छेचे निर्मूलन की इच्छेचे वळण? : रेव्ह. ना. वा. टिळक यांच्या भक्तिविचाराचे चिकित्सक आकलन

प्रस्तावना

मराठी संतपरंपरेत वासनाक्षय हा साधकाच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा मानला गेला आहे. त्यामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या ख्रिस्ती कवितेचा विचार करतानाही समीक्षक तिच्यातील वैराग्य आणि समर्पण यांवर भर देतात. हा भर अनाठायी नसला तरी अपुरा आहे. ख्रिस्ती जीवनात इच्छा नाहीशी करणे हे साध्य नसून तिला योग्य दिशा देणे हे साध्य आहे. टिळकांच्या काव्याचे आणि चरित्राचे मर्म या भेदात सापडते, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ख्रिस्ती विचारातील इच्छा

नव्या करारात इच्छेविषयी दोन सूर ऐकू येतात. याकोबाच्या पत्रात वासना ही पापाची जननी ठरते, तर प्रेषित पौल देहस्वभाव आणि आत्मा यांच्यातील संघर्ष मांडतो. मात्र डोंगरावरील प्रवचनात येशू इच्छा सोडण्यास सांगत नाही. प्रथम काय मिळवावे याचा क्रम तो सांगतो आणि जेथे धन तेथे मन, हे माणसाच्या स्वभावाचे सूत्र मांडतो. धार्मिकतेची भूक व तहान असणाऱ्यांना तेथे धन्य म्हटले आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी यालाच प्रेमाच्या क्रमाचे रूप दिले. त्यांच्या मते सद्गुण म्हणजे प्रेमाची सुव्यवस्था. ईश्वराने निर्मिलेली वस्तू वाईट नसते. परंतु गौण वस्तूवर सर्वोच्च प्रेम जडले की जीवनाचा तोल बिघडतो.

भारतीय भक्तीलाही हा विचार परका नाही. वऱ्हाडातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांच्या मधुराभक्तीत प्रेमभावनेचा उच्छेद नसून ती श्रीकृष्णाकडे वळविलेली आहे. टिळकांना मराठी वाचकाशी जोडणारा पूल याच भूमीवर उभा राहतो.

देशप्रेमाचा बदललेला क्रम

टिळकांचा विदर्भाशी संबंध होता. ख्रिस्ती होण्यापूर्वी ते नागपुरात होते. नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनाने ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तत्पूर्वी देशाच्या उन्नतीस उपकारक असा नवा धर्म असावा, या विचाराने त्यांना पछाडले होते. म्हणजे तेव्हा देश हे साध्य आणि धर्म हे साधन होते. पुढे हा क्रम उलटला. ईश्वर साध्य झाला, पण देशप्रेम मावळले नाही. उलट ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी व कीर्तन यांचे देशी रूप देण्याच्या ध्यासात ते अधिक फळाला आले. एक इच्छा दुसरीच्या अधीन झाली की ती मरत नाही, निर्मळ होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्यांच्या अभंगांतील ख्रिस्ताचे माउलीरूपही याच दृष्टीने पाहावे लागते. आईसाठी आसुसलेल्या लेकराला कोणी निरिच्छ होण्याचा उपदेश करीत नाही. त्याची ओढ तीव्र असते आणि ती योग्य ठिकाणी असते. तुकोबांच्या विठ्ठलभक्तीतील आर्तता टिळकांनी येथे आत्मसात केली आहे. म्हणूनच त्यांच्या कवितेला केवळ वैराग्याची कविता म्हणता येत नाही.

‘स्मृतिचित्रे’ची कसोटी

तथापि, कवितेतील सुव्यवस्थित प्रेम घरात कसे उतरले, हा प्रश्न टाळणे योग्य होणार नाही. टिळकांच्या धर्मांतराने पती-पत्नींची सुमारे चार-पाच वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ पासून भागशः प्रकाशित) या काळातील यातना आणि टिळकांचा तापट, अव्यवहारी पण उदार स्वभाव विलक्षण प्रांजळपणे आला आहे. दुसऱ्याच्या दुःखाने विरघळणाऱ्या टिळकांना संसाराच्या गरजांचे भान अनेकदा राहत नसे. येथे ऑगस्टीनचाच निकष लावावा लागतो. ईश्वरावरील प्रेम सर्वोच्च असणे म्हणजे जवळच्या माणसावरील प्रेम कमी होणे नव्हे. तेही आपल्या जागी पुरेपूर असले पाहिजे. या निकषावर टिळकांच्या चरित्रात उणीव दिसते आणि ती नाकारून त्यांचा गौरव करण्यात अर्थ नाही.

लक्ष्मीबाईंची वाटचाल या बाबतीत अधिक बोलकी आहे. पतीच्या आग्रहाखातर त्यांनी धर्म स्वीकारला नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर त्यांनी सोवळेओवळे टाकले आणि नंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. पतीचा सहवास हवा ही त्यांची इच्छा कायम राहिली, परंतु तिने सत्याची जागा घेतली नाही. इच्छांचा क्रम राखण्याचे हे घरगुती, म्हणूनच अधिक विश्वसनीय उदाहरण आहे.

संन्यासाचा अर्थ

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत सामावावेत, अशी त्यांची कल्पना होती. हा संन्यास पत्नीचा किंवा जगाचा त्याग नव्हता. वेतन आणि संस्थेचा आश्रय या सुरक्षिततेच्या इच्छा त्यांनी दूर केल्या. सेवेची इच्छा मात्र अधिक मोकळी केली. मृत्यूने त्यांना जेमतेम दोन वर्षे दिली. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. त्याचे पुढील बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एकाची अपुरी इच्छा दुसऱ्याने आपली मानून पुढे नेली, ही घटना त्या संसाराविषयी बरेच काही सांगून जाते.

निष्कर्ष

टिळकांची भक्ती इच्छाशून्यतेकडे नव्हे, तर इच्छेच्या योग्य क्रमाकडे जाणारी आहे, असे वरील विवेचनावरून म्हणता येते. त्यांच्या कवितेत हा क्रम स्पष्ट दिसतो. जीवनात तो पूर्णत्वास गेला नाही. पण लक्ष्मीबाईंच्या साक्षीमुळे ही अपूर्णता लपून राहत नाही आणि विचार केवळ उपदेशाच्या पातळीवर उरत नाही. ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’ या दोन कृती एकमेकींशेजारी ठेवून वाचल्याशिवाय मराठी ख्रिस्ती साहित्यातील भक्तिविचाराचे यथार्थ मूल्यमापन होणार नाही. प्रेमाची दिशा ईश्वराकडे आहे की नाही, याची परीक्षा अखेर शेजारच्या माणसाला मिळणाऱ्या वागणुकीतूनच होते.