पानातले ‘सायनोबॅक्टेरिया’ नक्की कोण?

पानांच्या मायक्रोबायोमवरच्या पेपरमध्ये ‘सायनोबॅक्टेरिया सर्वाधिक’ असं वाचलंत, की लगेच मान डोलावू नका. क्लोरोप्लास्ट मुळात सायनोबॅक्टेरियापासूनच आलाय. त्याच्या जीनोममध्ये १६एस जनुक आजही आहे. त्यामुळे पीसीआरमध्ये नेहमीचे प्राइमर बॅक्टेरियासोबत झाडाचाही डीएनए वाढवतात.

म्हणून निष्कर्षाआधी मेथड्स वाचा. क्लोरोप्लास्टचे रीड्स वगळले का? वगळल्यावर किती उरले? हे लिहिलंच नसेल, तर तो सुंदर आलेख बॅक्टेरियाचा नसून झाडाचाच असू शकतो.

पण सरसकट सगळे सायनोबॅक्टेरिया उडवणं हाही उपाय नव्हे. अझोलाच्या पानातल्या पोकळीत नायट्रोजन स्थिर करणारे खरेखुरे सायनोबॅक्टेरिया राहतात. गाळायचा तो फक्त क्लोरोप्लास्ट. तुमच्या प्रपोजलमध्ये ही पायरी आकड्यांसह लिहा.